कुठल्या निगव्यातनं बोलतायसा?

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळी भेटणारा माणूस आधी "किती फूट?" असं विचारतो. दूधवाला विचारतो, शाळेच्या फाटकावरचा शिपाई विचारतो, बाजारात भाजी निवडणारी बाई शेजारणीला विचारते. फूट कसले, कुठले, हे कुणी सांगत नाही आणि कुणाला सांगावंही लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. आमच्या पोरांना हे दोन आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आणि कुणी "रेडेडोह फुटला" असं म्हणालं की आंबेवाडी-चिखलीकडचा रस्ता पाण्याखाली गेला हे कळायला नकाशा लागत नाही. या गावाला पाण्याची स्वतःची भाषा आहे, आणि ती इथं राहणाऱ्यालाच कळते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुन्हा दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, तेच झालं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि शहराचं बेट झालं. २०१९ ला आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. खालच्या वर्गांत सतरंज्या, मैदानाच्या कडेला चुली आणि वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गात दोन टेबलं जोडून एक मदतकेंद्र. चार मोबाईल, चार दोनशेपानी वह्या. आमचे नंबर कुणी कुणी व्हॉट्सॲपवर टाकले होते, ते कुठल्या कुठं पोचले होते. मी भूगोल शिकवते, म्हणून कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही फोनवर बसा, तुम्हाला गावं माहीत.

मलाही तसंच वाटत होतं. तासाभरात तो समज गेला.

एका बाईचा फोन आला. मागं पावसाचा आवाज, लेकराचं रडणं. "आमी निगव्यातनं बोलतोय, पाणी दारात आलंय." मी वहीत 'निगवे' लिहिलं आणि माणसं किती म्हणून विचारणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मामांनी हात पुढं केला आणि फोन मागितला.

मामा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी आले, खुर्ची ओढली आणि बसले.

"कुठल्या निगव्यातनं बोलतायसा, ताई? दुमाला का खालसा?"

"दुमाला."

"बरं. डेअरीच्या वरल्या अंगाला का खालल्या?"

"खालल्या."

"म्हशी किती हायत?"

"दोन. आन एक रेडकू."

"दावी सोडलीसा काय?"

पलीकडं कुणी बोललं नाही. फक्त पाऊस.

"ताई, ऐका. आधी दावी सोडा. म्हस पवती. बांधलेली म्हस पवत न्हाई. दावी सोडा आन लेकरांस्नी घिऊन निघा. उंचावर कुणाचं घर हाय? त्येंच्याकडं जावा, आन तितनं ह्याच नंबरावर फोन करा. बोट सुटली की सांगतो."

दीड मिनिट लागलं असेल. फोन माझ्या हातात परत देताना ते म्हणाले, "बाई, वहीत आणखी एक रकाना आखा. जनावरं. दावं सोडल्याबिगार बाईमाणूस घर सोडत न्हाई."

मी रकाना आखला. पुढचे तीन दिवस त्या रकान्यानं आम्हाला जे सांगितलं ते बाकीच्या कुठल्याच रकान्यानं सांगितलं नाही. ज्या घरात म्हशी, तिथं माणसं शेवटपर्यंत थांबणार, म्हणून बोट तिकडं आधी. हा हिशेब कुठल्या छापील प्रश्नावलीत असणार?

निगवे दुमाला शहराच्या उत्तरेला, निगवे खालसा दक्षिणेला. दोन्ही करवीर तालुक्यात. त्या बाईला 'दुमाला' म्हणायचं सुचलं नाही, कारण तिच्या लेखी निगवं एकच आहे, ती राहते ते. संकटात माणूस पत्ता सांगत नाही, तो जिथं उभा आहे तिथून बोलतो. "देवळाच्या मागं", "वरल्या गल्लीला", "आमच्या मळ्यात". ऐकणाऱ्यानं त्या बोलण्यातून पत्ता काढायचा असतो. मामांना तो काढता येत होता, कारण त्यांनी तीस वर्षं मुक्कामाच्या गाड्या केल्या होत्या. रात्रीची शेवटची गाडी गावात जाते, तिथंच थांबते आणि पहाटे माघारी निघते. कंडक्टर-ड्रायव्हर गावातच झोपतात, तिथलंच पाणी पितात, कुणाच्या तरी ओट्यावर पान खात बसतात. करवीर, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा इथले सगळे फाटे त्यांच्या अंगात मुरले होते.

पान म्हटल्यावर त्याच दिवसातली दुसरी गोष्ट आठवली. माझा एक जुना विद्यार्थी, पुण्याला नोकरी करणारा, रजा टाकून आला होता आणि तिसऱ्या फोनवर बसला होता. हुशार, नम्र, अक्षर मोत्यासारखं. पन्हाळ्याच्या अंगाच्या एका वस्तीवरून फोन आला. तो शांतपणे नाव, वय, वस्ती, माणसं किती असं विचारत होता. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'सासूबाईंना पान लागले आहे.' त्याला वाटलं असावं, काही खाण्यातून झालं, मळमळ वगैरे. मामा समोरून चहा घेत त्याची वही उलट्या बाजूनं वाचत होते. कप तसाच टेबलावर आदळला. "आरं, साप चावलाय तिला! पान लागलं म्हंजे काय इड्याचं पान व्हय?"

रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. म्हणून 'जनावर' म्हणायचं, म्हणून 'पान लागलं' म्हणायचं. पुराच्या पाण्याबरोबर साप घरात येतात, तेव्हा हे शब्द रोज कानावर पडतात. पोरगा कोल्हापूर शहरातच वाढला होता, तरी त्याला ते कळलं नाही. त्या बाईंना ट्रॅक्टरमधून आरोग्य केंद्रात नेलं, तिथं सापावरची लस मिळाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेचा फोन आला की त्या उठून बसल्या आहेत. पोरगा ते ऐकून जिन्यात जाऊन बसला. मी त्याच्याजवळ गेले नाही. त्याला काय वाटत असेल ते मला ठाऊक होतं, निगव्याच्या फोनला तसंच मला झालं होतं.

त्या तीन दिवसांनंतर, मदतीची हाक ऐकतो कोण, या विषयाकडं मी वेगळ्या नजरेनं बघू लागले. पण तो माझ्या घरात शिरला तो पुढं, आण्णांच्या आजारपणात.

आम्ही राहतो संभाजीनगरात. कोल्हापुरातल्या माणसाला एवढं पुरतं. एसटी स्टँड आहे, तिथून राधानगरीकडच्या गाड्या सुटतात, पलीकडं कळंब्याचा रस्ता. २०२३ साली औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि आमच्या पत्त्यातला तो शब्द एका रात्रीत साऱ्या महाराष्ट्रासाठी दुसरीकडं गेला. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावरची रात्र. पावणेदोन वाजले असतील. आईनं हाक मारली ती नेहमीची नव्हती. आण्णा पलंगाच्या कडेला बसलेले, तोंड डावीकडं ओघळलेलं, डावा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला. ते काहीतरी सांगत होते आणि शब्द होत नव्हते. मी त्यांना कुशीवर घेतलं. आईनं तिच्या बटणांच्या मोबाईलवरून एका मदत क्रमांकावर फोन लावला. क्रमांक कुठला ते इथं लिहीत नाही, त्या रात्री फोन उचलणाऱ्या मुलीवर मला काही ढकलायचं नाही. तिनं फोन लगेच उचलला, ती नीट बोलली, 'आजी' म्हणाली.

आई सांगत होती, "लकवा मारलाय हेंना. लवकर या. संभाजीनगर, स्टँडच्या मागं." मग मध्येच म्हणाली, "व्हय, व्हय. बरोबर." मला वाटलं, झालं. मी आण्णांच्या तोंडातली लाळ पुसत राहिले. आई मात्र फोनवरच. पुन्हा पत्ता. पुन्हा "स्टँडच्या मागं." पुन्हा "नाही हो, तो कुठला चौक?" तिचा आवाज चढायला लागला तेव्हा मी फोन घेतला. मुलगी मला म्हणाली, "ताई, छत्रपती संभाजीनगर शहरात नेमकं कुठं? मध्यवर्ती बसस्थानक का?"

तिनं आधी विचारलं होतं, 'छत्रपती संभाजीनगर, बरोबर?' आणि आईनं त्यातलं 'संभाजीनगर' आणि 'बरोबर' एवढंच ऐकून होकार दिला होता. ती पंचाहत्तर वर्षांची बाई. तिच्यासाठी त्या नावाचं ठिकाण एकच, जिथं ती चाळीस वर्षं राहते ते. अगदी निगव्याच्या त्या बाईसारखं.

मी जिल्हा सांगितला, तालुका सांगितला. मग नवी नोंद. मग वय पुन्हा, त्रास पुन्हा. फोनवर नंतर बघितलं, सहा मिनिटं आणि काही सेकंद. तोवर आईच्या आवाजानं शेजारचा रिक्षावाला दादा उठून दारात आला होता. त्यानं एक शब्द विचारला नाही. आण्णांना दोघांनी उचललं आणि रिक्षा निघाली, ती थोरल्या दवाखान्याला. सरकारी कागदावर त्याचं नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, बोलताना सीपीआर, आणि आईच्या पिढीला अजून थोरला दवाखानाच.

आण्णा वाचले. डाव्या हातात अजून जोर नाही, वाटी धरली की कलते. ती सहा मिनिटं वाचली असती तर तो हात आज वेगळा असता का, हे मला ठामपणे सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. अशा झटक्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते, आणि त्या मुदतीतही जेवढं लवकर तेवढं मेंदूचं जास्त वाचतं, एवढं मात्र डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं.

दवाखान्यातल्या रात्री लांब असतात. आण्णांच्या उशाशी बसून मी मोबाईलवर वाचत राहिले, की आपण मदतीला हाक मारतो तेव्हा ती जाते कुठं.

पूर्वी १०० फिरवला की जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात घंटा वाजायची. १०१ फिरवला की शहरातल्या अग्निशमन केंद्रात, म्हणजे आमच्या भाषेत बंबाच्या केंद्रात. २०१४ साली राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आली, डॉक्टरसह, आणि तिचे सगळे फोन पुण्याच्या एका केंद्रात जाऊ लागले. त्या रुग्णवाहिकांनी किती जीव वाचवलेत ते गावोगाव विचारा. मग देशभरासाठी ११२ हा एकच क्रमांक आला. त्याचे फोन महाराष्ट्रात नवी मुंबई आणि नागपूर या दोन ठिकाणी घेतले जातात, ३६ जिल्ह्यांचे. तिथं माहिती नोंदली जाते आणि मग ती त्या त्या जिल्ह्याच्या कक्षाकडं येते, तिथून जवळची गाडी निघते. म्हणजे निघणारी गाडी इथलीच. पण पहिली हाक ऐकणारा कान शेकडो किलोमीटर लांबचा.

माझं सगळं म्हणणं त्या पहिल्या कानाबद्दल आहे.

कोल्हापूरच्या गावांची नावं लांबच्या माणसानं ऐकली तर काय होईल, याचा विचार करत बसले होते. आमच्याकडं कसबा बीड आहे, जिथं पावसात सोन्याची नाणी सापडतात म्हणतात. बोलताना सगळे नुसतं बीड म्हणतात. शिंगणापूर आहे, जिथल्या बंधाऱ्यावरून शहराला पाणी येतं. ते शनीचं नाही आणि शिखराचंही नाही. शिरोळ तालुक्यात राजापूर आहे, कोकणातलं नव्हे. शिरोली पुलाची वेगळी, शिरोली दुमाला वेगळी. केर्ली आणि केर्ले. 'बावडा' म्हटलं की कसबा बावडा, शहरातच. आणि गगनबावड्याच्या बाजूला राहणारा 'बावडा' म्हणाला तर पंचावन्न किलोमीटर लांबचा घाटमाथा. शहरात वाशी नाका आहे, आणि नवी मुंबईत बसून फोन घेणाऱ्याच्या मनात 'वाशी' ऐकल्यावर आधी काय येईल ते सांगायला नको. पापाची तिकटी, माळकर तिकटी. तीन रस्ते मिळतात ती तिकटी, पण हा शब्द विदर्भातल्या मुलीनं का ओळखावा? तिची मायबोलीही मराठीच, फक्त तिच्या गावची. ती कोल्हापुरात फोनवर बसली असती तर जिभेला महिनाभरात वळण लागलं असतं. आणि आमची कुणी मुलगी गडचिरोलीचे फोन घ्यायला बसली तर तीही अशीच अडखळेल.

नकाशा आहे ना, असं लोक म्हणतात. मोबाईल कुठं आहे ते यंत्राला कळतं. कळतं, नव्या फोनचं बऱ्यापैकी कळतं. ज्यांच्याकडं बटणांचा फोन आहे, ज्यांच्या वस्तीला एकच टॉवर आहे आणि तोही दरीपलीकडं, त्यांचं तितकं कळत नाही. आणि मदतीची गरज त्यांनाच जास्त. शिवाय ठिकाण कळलं म्हणून रस्ता कळतो असं नाही. पुरात सरळ रेषेत दोन किलोमीटरवरचं गाव चाळीस किलोमीटरचा वळसा घालून गाठावं लागतं, आणि कुठला पूल आज सकाळी गेला ते इथल्याच माणसाला माहीत असतं.

दवाखान्यातल्या त्याच वाचनात इंग्लंडची हकीकत सापडली. लंडनमध्ये १९३५ साली एका घराला आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्यानं बंबासाठी फोन केला होता, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडला. त्या दुःखातून १९३७ साली ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. आपण ज्याला आणीबाणीचा क्रमांक म्हणतो त्याचा जन्मच वाट बघायला लागू नये म्हणून झाला आहे. त्याच देशात २००४ साली सरकारनं ठरवलं, की इंग्लंडमधले अग्निशमनाचे ४६ स्थानिक कक्ष बंद करून ९ विभागीय केंद्रं करायची. मोठ्या इमारती बांधल्या. संगणकाची यंत्रणा काही जमेना, आणि ज्या स्थानिक दलांनी ती वापरायची त्यांचा पाठिंबाच नव्हता. २०१० च्या डिसेंबरमध्ये सगळं गुंडाळलं. तिथल्या लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला, किमान ४६.९ कोटी पौंड वाया गेले. इमारतींची भाडी त्यानंतरही चालूच. हे वाचून मला पैशापेक्षा एका गोष्टीचं वाईट वाटलं. फोन उचलणाऱ्यांना कुणी आधी विचारलंच नव्हतं.

आणि स्कॉटलंडचं एक. तिथं २०१३ साली आठ पोलीस दलांचं एक दल झालं आणि नियंत्रण कक्षही कमी करत आणले. २०१५ च्या जुलैत महामार्गावरून एक गाडी घसरून उताराखाली गेली. जाणाऱ्या कुणीतरी फोन करून कळवलं. एडिनबराजवळच्या कक्षात तो फोन घेतला गेला, वहीत लिहिला गेला, संगणकावर चढलाच नाही. गाडीपाशी पोलीस पोचले ते तीन दिवसांनी. तोवर त्यातला तरुण गेला होता आणि त्याची मैत्रीण जिवंत होती. तीही नंतर रुग्णालयात वारली. २०२१ साली न्यायालयानं पोलीस दलाला एक लाख पौंडांचा दंड केला. ही चूक नोंदीची, जवळच्या कक्षातही ती होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण तीन दिवस ती चूक कुणाच्या लक्षात आली नाही, हे मनातून जात नाही. लहान कक्षात दुसऱ्या दिवशी चहाला कुणीतरी विचारलं असतं, कालच्या त्या गाडीचं काय झालं रे? आमच्या सातवीच्या वर्गात मामा रोज सकाळी आल्या आल्या कालच्या वह्या चाळायचे. "ही निगव्याची बाई, हिचा परत फोन आला काय?"

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हे सगळं म्हातारीच्या हट्टासारखं होईल.

माझी एक मैत्रीण, तालुक्याच्या गावात नांदत होती. नवरा मारायचा. तिनं एका रात्री मदत मागितली तेव्हा फोन ज्यानं उचलला तो नवऱ्याचा मित्र निघाला. अर्ध्या तासात नवऱ्याला कळलं की हिनं फोन केला. पुढचं लिहीत नाही. तिच्या तोंडावर मी "जवळचा कान चांगला" असं म्हणू शकते का? तिला लांबचाच कान हवा होता. जिथं तिला कुणी ओळखत नाही, जिथं बोललेला शब्द न् शब्द नोंदला जातो, जिथं "ही आमची हद्द नाही" किंवा "घरातलं घरात मिटवा" असं कुणी म्हणू शकत नाही. ११२ ची व्यवस्था निर्भया निधीतून उभी राहिली त्यामागं अशाच बायका आहेत. आणि पुराचंच बोलायचं तर आमचं शहरच पाण्यात गेलं, वीज गेली, टॉवर गेले, तर इथला कक्ष कुणाच्या उपयोगाचा? तेव्हा लांबचं केंद्र चालू असलंच पाहिजे.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि मी ते प्रत्येक सभेत, प्रत्येक अर्जात मांडत आले आहे. हाक आधी जिल्ह्यात वाजू द्या. जिल्ह्यातली माणसं ती ऐकू देत, त्यात बायका असू देत, त्यांना पगार आणि शिकवण नीट मिळू दे. नोंद मात्र त्याच क्षणी लांबच्या केंद्रात उमटू दे, तिथं कुणीतरी ऐकत असू दे, म्हणजे इथल्या कुणाची फोन दाबून टाकायची छाती होणार नाही. इथला फोन चारदा वाजूनही कुणी उचलला नाही तर तो आपोआप तिकडं जाऊ दे. आणि माझ्या मैत्रिणीसारखीला थेट तिकडंच बोलायचं असेल तर तोही रस्ता उघडा असू दे. हे काही आभाळातून आणायचं नाही. आपत्तीसाठी १०७७ हा जिल्ह्याचा क्रमांक आजही जिल्ह्यातच वाजतो. पुरापुरतं जे शहाणपण सरकारला पटलं आहे, ते मध्यरात्रीच्या झटक्याला आणि उसाच्या फडातल्या सापाला का लागू नये?

आणि त्या कक्षात एक खुर्ची मामांसारख्या माणसासाठी ठेवा, असंही मी लिहिते. निवृत्त कंडक्टर, पोस्टमन, आशाताई, लाइनमन. ज्यांनी जिल्हा पायांनी शिकला आहे. अर्जाला उत्तर येतं, "आपली सूचना नोंदवण्यात आली आहे." मी पुढचा अर्ज लिहिते.

मामा मागच्या वर्षी गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मुलानं एक पिशवी काढून दिली. त्यात आमची २०१९ ची एक वही होती. शाळेतून ती त्यांच्याकडं कधी गेली कुणास ठाऊक. पूर ओसरल्यावर त्यांनी बहुतेक नावांपुढं लाल शाईनं काहीतरी लिहिलं होतं. 'परत आली.' 'घर पडलं, भावाकडं.' 'म्हस मेली, रेडकू हाय.' निगवे दुमाल्याच्या बाईपुढं लिहिलं होतं, 'दावी सोडली.'

घरी आता आण्णांच्या पलंगाशेजारी भिंतीवर मी एक पुठ्ठा लावला आहे. मोठ्या अक्षरांत: जिल्हा कोल्हापूर. तालुका करवीर. शहर कोल्हापूर. भाग संभाजीनगर, कोल्हापूरचं. मग रस्ता, घर, मजला. आईकडून मी तो महिन्यातून एकदा म्हणून घेते, जसा पोरांकडून पाढा घेते. ती म्हणते, आणि प्रत्येक वेळी शेवटी स्वतःचं जोडते, "स्टँडच्या मागं."

"ते नको आई," मी म्हणते. "त्यांना ते कळत नाही."

"मग त्येंना कळंल आसं कुणीतरी बसवा की तितं," ती म्हणते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. जिल्हा कोल्हापूर. तालुका करवीर.